ड्रायव्हरची शीट

मला गाडी चालवता येत नाही. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी विचारायला नको. दुनियेतल्या महागातल्या महाग गाड्या माझ्या हाताखालून गेल्या, पण त्यातली एकही मी वर्कशॉपच्या दारातून बाहेर काढली नाही. मी त्यांच्या शिटा शिवल्या. आयुष्यभर तेवढंच केलं. पहिल्यांदा दौंडला, मग शारजाला.

आमच्या न्हावऱ्याच्या हायस्कुलातले एक मास्तर दिवाळी अंक काढतात. ते घरी आले आणि म्हणाले, "आप्पा, त्या शेखांच्या गाड्यांवर लिहा. सोन्याच्या गाड्या, गाडीत बसलेले वाघ-सिंह, लोकांना लई आवडतं."

मी म्हणालो, "मास्तर, सोन्याची गाडी मी बघितली न्हाई. सोनेरी कागद चिकटवलेली बघितली. आन् घरातली गेल्यापास्नं मला गमतीचं कायबी सुचत न्हाई."

"मग सुचंल ते लिहा," ते म्हणाले.

म्हणून लिहितोय. सातवीत शाळा सोडली, त्यामुळं ऱ्हस्व-दीर्घ मास्तरांनी बघावं. बाकी शब्द माझे राहू द्यावेत.

मास्तरांच्या डोक्यात हे का आलं तेही सांगतो. उन्हाळ्यात न्हावरे फाट्यावर पुण्याच्या कुणा बिल्डरच्या पोराची लाल गाडी गतिरोधकावर अडकली. पोट टेकलेलं, पुढं जाईना, मागं येईना. कांद्याचे टेम्पो पाठीमागं तटून राहिले आणि निम्मा गाव फोटो काढायला जमला. मला कुणीतरी हाताला धरून नेलं, "आप्पा, तुमच्या शारजाच्या सासरची गाडी आलीय, चला." सगळे मागच्या काचेतून इंजिन बघत होते. मी पुढच्या काचेतून शीट बघितली. खांद्याजवळची शिलाई उसवायला आली होती. मी त्या पोराला म्हणालो, "भाऊ, शीट पुढं सरकवून बसत जा. पाय ताणून चालवतोस, कंबर जाईल." त्यानं मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाला, "काका, जरा हात लावू नका." शेवटी आमच्याच पोरांनी गाडी उचलून पलीकडं ठेवली, तेव्हा मात्र सगळ्यांनी हात लावले. ते त्याला चाललं.

आता काम काय असतं ते सांगतो. गाडीची शीट म्हणजे वरनं कातडं, खाली फोम आणि त्याखाली सांगाडा. दौंडला स्टेशनामागं उस्तादांच्या दुकानात मी शिकलो तेव्हा फोम नव्हता, काथ्या असायचा. वडापच्या जीपा, टेम्पो, ट्रॅक्टर, असलं गिऱ्हाईक. काथ्या ठासायचा, वर रेक्झीन ताणायचं आणि दाभणानं शिवायचं. उस्ताद सांगायचे, "बसणाऱ्याला शीट आठवली नाही पाहिजे. आठवली म्हणजे टोचली." शारजात कातडं युरोपातनं यायचं आणि मशीन जपानचं होतं, पण नियम तोच.

शारजाचं आमचं वर्कशॉप लेबनानच्या एका माणसाचं. त्याला आम्ही मुदीर म्हणायचो, तिकडं मॅनेजरला तसंच म्हणतात. तिथं गाडी यायची ती नवी कोरी यायची. कंपनीनं घातलेली शीट आम्ही फाडून टाकायचो आणि गिऱ्हाइकाच्या मनासारखी नवी शिवायचो. पहिल्यांदा मला ते पाप वाटलं. ज्या कातड्यावर कुणी बसलंच नाही ते कचऱ्यात. मग सवय झाली. सवय कशाचीपण होते.

कातड्याचं मात्र मला वेड लागलं. अख्खं कातडं टेबलावर पसरलं की ते जनावर कसं जगलं ते दिसतं. मानेला सुरकुत्या असतात. कुठं गोचिडांचे ठिपके असतात, कुठं तारेच्या कुंपणाचा ओरखडा. पोटाकडचं ढिलं, ते शिटेला घ्यायचं नाही. ओरखडा जुना असला तर तो भरून आलेला असतो, वर रंग चढलेला असतो. ताजा असला तर रंग फाटून आतला पांढुरका धागा दिसतो. बोट फिरवलं तरी कळतं. गावाकडं भावकीनं माझ्यावर नाक मुरडलं. चुलता तर लग्नात पंगतीला सगळ्यांसमोर म्हणाला, "आपल्या घरात कातडं शिवणारा पहिल्यांदाच निपजला." मी म्हणालो, "तात्या, पायात काय घातलंय? लाकूड?" पण शेवंतानं, म्हणजे माझ्या बायकोनं, घरी आल्यावर मला बजावलं, "जेवताना कुणाच्या पायावर बोलू नये."

तिला मी गाड्यांचे फोटो पाठवायचो. तिची शंका ठरलेली. "ह्यात दोनच माणसं बसत्यात?"

"व्हय, दोनच."

"मग पाव्हणा आला तर?"

"पाव्हण्याला दुसरी गाडी असती."

"आन् एवढी खाली? बसल्यावर गुडघं छातीला लागत असतील. म्हातारपणी कसं उठायचं ह्यातनं?"

मी सांगायचो की ह्या गाड्या म्हातारपणासाठी नसतात. ते खरं होतं. आमची गिऱ्हाइकं बहुतेक पंचविशीतली पोरं. काहीजण फार माजोरी, काहीजण फार दिलदार, आणि बरेचसे सकाळी माजोरी नि संध्याकाळी दिलदार. एकाला त्याच्या शर्यतीच्या उंटाच्या रंगाची शीट पाहिजे होती. उंटाचे केस पुडीत बांधून आणले. मी चार छटा दाखवल्या, चारही नापसंत. शेवटी तो उंटच घेऊन आला, मोठ्या गाडीत घालून. मी उंटाच्या पाठीवर कातड्याचे तुकडे ठेवून जुळवत बसलो आणि तो उंट माझ्याकडं असा बघत होता की जणू मी त्याचंच कातडं मागतोय. दुसऱ्या एकानं शिटेवरचं प्लास्टिक कधीच काढलं नाही. गाडी त्याच्या दिवाणखान्यात काचेमागं उभी. मी विचारलं, "शेख, बैठते नहीं?" तो म्हणाला, "बैठेगा तो पुराना होगा."

आणि एकजण ससाणा घेऊन यायचा. शिकारीचा ससाणा तिकडं पोरासारखा पाळतात. त्याच्यासाठी बाजूच्या शिटेत बसायचा दांडा करून घेतला आणि ससाण्याच्या डोळ्यांवरची टोपी पण त्याच कातड्याची शिवून मागितली. एकदा दांडा निसटला आणि त्या पाखरानं जीव वाचवायला शीट धरली. ती शीट माझ्याकडं आली. नखं कातडं फाडून फोमपर्यंत गेली होती. एकाच जागी पुन्हा पुन्हा धरलेलं. मालक हसत होता. मला हसू आलं नाही. घाबरलेल्या जीवाची पकड कशी दिसते ते मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

आता राशिदचं सांगतो. खरं म्हणजे एवढंच सांगायला बसलो होतो.

राशिद हे आमचं गिऱ्हाईक. बापाचा एकुलता. बापाला सगळे अबू राशिद म्हणायचे. अरबांत रीत अशी की मुलगा झाला की बापाला त्याच्या नावानं हाक मारतात, राशिदचा बाप. शिंपी जसं शर्टाचं माप घेतो, तसं राशिद मला बसण्याचं माप घ्यायला लावायचा. सांगाड्यात कच्चा फोम घालून मी त्याला बसवायचो, खडूनं खुणा करायचो, उठवायचो, फोम तासायचो, परत बसवायचो. दुसरे दोनदा बसून कंटाळतात. हा सकाळपासून बसायचा आणि वर आमचा चहा प्यायचा. मला उस्ताद म्हणायचा. शीट त्याला अशी पाहिजे होती की गाडी वळली तरी तो हलला नाही पाहिजे.

माझ्या हाताखाली दत्तू होता, वडगाव रासाईचा. त्याचा जीव बैलगाड्याच्या शर्यतीत. मोबाइलवर सदानकदा घाटातले, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवरचे, व्हिडिओ. एक दिवस राशिदनं ते बघितलं आणि वेडाच झाला. बैल उधळलेत, माणसं बाजूनं पळतायत, गुलाल उडतोय. तो खुर्चीवरनं उठून उभा राहिला.

"ब्रेक किधर है?"

दत्तू म्हणाला, "बैल को ब्रेक नहीं होता, शेख."

"फिर रुकता कैसे?"

"दम लगा तो रुकता."

राशिद पोट धरून हसला. म्हणाला, मी पण दमल्यावरच थांबतो. आणि दत्तूच्या पाठीवर थाप मारून सांगितलं, तुझ्या गावाला येणार, हे बघायला. दत्तूनं घरी फोन करून सांगून टाकलं, शेख येणार आहे, घर रंगवून ठेवा. त्याच्या बायकोनं खरंच रंगवलं.

ही पोरं गावाबाहेरच्या वाळवंटाकडच्या रस्त्यावर गाड्या पळवायची. तिथंच राशिदची गाडी दुभाजकाला धडकली. आम्हाला कळलं ते दुसऱ्या दिवशी, चहाच्या टपरीवर. दत्तूनं चहा तसाच ठेवला.

बऱ्याच दिवसांनी पोलिसांनी गाडी सोडली आणि ती ट्रेलरवर घालून आमच्याकडं आली. आमचा सुपरवायझर केरळचा होता, त्याला आम्ही चेट्टा म्हणायचो. चेट्टानं सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "अबू राशिद को गाडी घर में रखना है. बाहर से सब नया बनेगा. ड्रायवर का सीट को कोई हाथ नहीं लगाएगा. निकाल के साफ कपडा में रखो. जैसा है वैसा उसको देने का." म्हणजे बापाला पोराच्या बसण्याचा साचा पाहिजे होता. कारण जुन्या शिटेत माणूस राहतो. वजन कुठं टाकायचा, कुठं रेलायचा, सगळं फोममध्ये दबून राहतं. बापाला ते कुणी सांगितलं नव्हतं, पण कळलं होतं.

शीट मी आणि दत्तूनं काढली. दार चेपलेलं होतं, ते कापूनच राशिदला बाहेर काढला होता. शीट टेबलावर आडवी केली. रक्त फारसं नव्हतं, असेल ते वाळून काळं झालेलं. मी डाव्या बाजूचा उंचवटा बघितला. मांडीला आधार द्यायला तो असतो, मीच भरला होता. त्यावर नखांच्या खुणा होत्या. चार बोटांच्या. एकदा ओढलेल्या नव्हत्या. त्याच जागी परत परत. रंग फाटून आतला पांढुरका धागा वर आलेला. खालच्या टोकाला तर कातडं उघडलं होतं.

सगळे म्हणत होते, जागीच गेला. मुदीर म्हणाला होता, चेट्टा म्हणाला होता, वर्कशॉपात सगळे तेच बोलायचे. त्या कातड्याचं म्हणणं वेगळं होतं.

दत्तूनं माझ्याकडं बघितलं. मी कपडा ओढून शीट झाकली.

दुसऱ्या दिवशी कामावर आलो तर टेबलावर नुसता सांगाडा. कातडं नाही, फोम नाही. दत्तू मशीनवर मान खाली घालून बसलेला. त्याची पँट गुडघ्यापर्यंत ओली आणि वर मिठाचे पांढरे डाग.

मी विचारलं, "दत्तू, शीट कुठाय?"

"खाडीत."

"काय?"

"पहाटंच सोडली, आप्पा. नव्या चादरीत बांधून. गल्लीतल्या पठाणाच्या पिकअपमधनं नेली. मेलेल्याचं अंथरूण कुणी घरात ठेवतं का? आपल्यात ठेवत्यात का? त्याचा जीव अडकंल त्यात."

"आरं, ते आपल्यात! त्यांच्यात काय असतं तुला काय ठावं? बापानं मागितलंय ते!"

तो मान वर न करता म्हणाला, "बापानं ती बघितली असती म्हंजी? तुमीबी बघितल्यात की खुणा. आता मला बोला, मारा, पण माझ्या हातनं ती शीट त्या बापाला देणं झालं नसतं."

मी त्याला शिवी दिली, फार वाईट दिली. आणि शिवी देतानाच मला वाटलं, हे आपल्याला का सुचलं नाही.

मुदीरला कळलं तेव्हा तो किंचाळला. दत्तूला चोरीच्या केसमध्ये आत घालतो म्हणाला. मग थंड झाला आणि मला काचेच्या केबिनमध्ये बोलावून म्हणाला, माप तुझ्याकडं आहे. कातडं त्याच लॉटमधलं शिल्लक आहे. तशीच शीट बनव. जुनी कर. फोम दाब, कातडं मळव, डाग पाड. बाप म्हातारा आहे, त्याला काय कळतं. हे केलंस तर तुझा माणूस वाचला.

करता आलं असतं. खोटं जुनेपण आणणं हा आमच्या धंद्यातला भागच आहे. मी फोम कापला. राशिद कसा बसायचा ते हाताला पाठ होतं, डोळे झाकून तासला असता. कातडं मांडलं, खडूनं आखलं, कात्री उचलली आणि डाव्या उंचवट्याशी येऊन थांबलो. तिथं काय करू? खुणा काढू का वगळू? वगळल्या तर ती राशिदची शीट नव्हे. काढायच्या तर मीच बोटं रोवून, मीच नखं ओढून काढायच्या. मी कात्री खाली ठेवली. त्या दिवशी परत उचलली नाही.

संध्याकाळी शेवंताला फोन लावला. ती म्हशीखाली बसली होती, चरवीत धार वाजत होती. मी सगळं सांगितलं. धार थांबली.

"दत्तूभावजींनी चांगल्या मनानं केलंय."

"ते मला कळतंय. म्या काय करू ते सांग."

"शीट खोटी देऊ नका. पोराच्या नावानं दुसऱ्याचंच कायतरी पुजत बसंल तो. गेली म्हणून सांगा."

"आन् खुणांचं?"

म्हैस हंबरली. मग ती म्हणाली, "आपणहून सांगू नका. पण त्यानं त्वांडावर इचारलं तर खरं सांगा. बाप हाय तो. त्याचा हक हाय."

मला ते पटलं. तसंच करायचं ठरवून मी झोपलो.

अबू राशिद एकटाच आला. मोठमोठ्या गाड्यांचा धनी, पण साधा जुना पिकअप चालवत आला. अंगावरचा पांढरा झगा चुरगळलेला. मुदीर पुढं धावला, कॉफी मागवली, आणखी थोडे दिवस लागतील म्हणाला. म्हातारा सरळ माझ्या टेबलाशी आला. त्यानं रिकामा सांगाडा बघितला.

"उस्ताद, सीट?"

मुदीर मागनं डोळे वटारत होता. मी म्हणालो, "सीट नहीं है, बाबा. पानी में छोड दिया. हमारे मुलुक में ऐसा करते हैं. मरनेवाले का बिस्तर पानी में छोडते हैं."

दत्तू स्वतःहून उभा राहिला. "मैंने छोडा," म्हणाला.

म्हातारा ओरडेल असं वाटलं. मारलं असतं तरी चाललं असतं. तो टेबलाची कड धरून उभा राहिला आणि म्हणाला, "किधर छोडा, दिखाव."

तिघं पिकअपमध्ये बसून खाडीवर गेलो. दत्तूनं जागा दाखवली. दगडांचा बांध होता, खाली हिरवट पाणी, लांब लाकडी होड्या. भरतीनं तिथं काहीच ठेवलं नव्हतं. म्हातारा पाण्याकडं बघत राहिला.

"दोनो हाथ से छोडा?"

"हां बाबा. दोनो हाथ से."

"कुछ बोला?"

दत्तू माझ्याकडं बघायला लागला. मी म्हणालो, "सांग." तो मराठीतच म्हणाला, "म्हणालो, जा बाबा सुखानं, मागं बघू नगं." मी त्याचं हिंदी करून सांगितलं. म्हाताऱ्यानं मान हलवली. मग तो दगडावर बसला आणि मलाही बसायला लावलं.

"उस्ताद, तुमने वो सीट देखा. बोलो. मेरा लडका कैसे बैठता था?"

हे मात्र मी सांगू शकत होतो. मोडक्यातोडक्या हिंदीत सांगितलं. उजव्या मांडीवर वजन जास्त टाकायचा. डावा खांदा जरा पुढं काढायचा, त्यामुळं पाठीचं कातडं डावीकडं कोरं राहिलं आणि उजवीकडं गुळगुळीत झालं. चढताना आधी पाठ टाकायचा आणि मग पाय आत घ्यायचा, त्यामुळं कडेची शिलाई घासली होती. डोकं मागं टेकायचा नाही. मऊ बसायला आवडायचं नाही त्याला, मी फोम मऊ केला की काढायला लावायचा. म्हातारा एकेक ऐकत होता आणि स्वतःचा खांदा पुढं काढून बघत होता. "हां," म्हणाला, "बचपन से. खाना खाते टाइम भी ऐसे ही बैठता था." त्याच्या दाढीवरनं पाणी गळत होतं, पण आवाज सरळ होता.

मला वाटलं, संपलं.

मग त्यानं माझं मनगट धरलं. माझ्या तोंडाकडं बघून विचारलं, "सब बोलते हैं, उसी टाइम चला गया. तकलीफ नहीं हुआ. तुमने सीट देखा. तुम बोलो."

शेवंताचं बोलणं माझ्या कानात होतं. दत्तू पाण्याकडं तोंड करून उभा होता, त्याची पाठ ताठ झालेली मला दिसत होती. मी तोंड उघडलं ते खरं सांगायलाच.

"नहीं बाबा," मी म्हणालो. "कुछ तकलीफ नहीं हुआ. सीट साफ था. उसी टाइम चला गया."

म्हाताऱ्यानं मनगट लगेच सोडलं नाही. तो माझ्याकडं बघत राहिला. एवढा मोठा व्यापार केलेला माणूस, समोरच्याचं खोटं त्याला कळत नसेल असं मला वाटत नाही. पण तो देवाचे आभार मानत म्हणाला, "अलहम्दुलिल्ला." मग म्हणाला, "शुक्रन, उस्ताद." आणि उठताना माझ्या खांद्याचा आधार घेऊन उठला.

दत्तूवर त्यानं केस होऊ दिली नाही. पण मुदीरनं दत्तूला ठेवलं नाही, घरी धाडलं. आता तो वडगावला ऊस बघतो आणि शर्यतीला बैल नेतो. राशिदसाठी रंगवलेल्या घरात राहतो. माझी भेट दौंडच्या बाजारात होते, आम्ही चहा पितो, पण ह्या विषयावर कधी बोललो नाही. गाडी पुढं बाहेरून कोरी झाली. ड्रायव्हरच्या जागी काय करायचं म्हणून चेट्टानं विचारून घेतलं, तर निरोप आला, मोकळी ठेवा. चारही बोल्टची भोकं तशीच ठेवून आम्ही ती गाडी त्यांच्या घरी पोचवली. मी त्यानंतरही बरीच वर्षं तिथं काम केलं. अबू राशिद परत आमच्या वर्कशॉपात आला नाही. पण त्याला कुणी दुसऱ्या नावानं हाक मारलेली मी ऐकली नाही. पोरगं गेलं तरी बापाचं नाव तेच राहिलं.

शेवंताला त्याच दिवशी फोनवर सांगितलं, त्यानं विचारलं आणि मी खोटं बोललो. मला वाटलं, चिडेल. ती म्हणाली, "जेवलासा का?"

गेल्या पौषात तिला दम लागला म्हणून शिरूरला दवाखान्यात नेली. आत काचेच्या खोलीत ठेवली होती, मला बाहेर बाकावर बसवलं. चांगली माणसं होती, खटपट केली त्यांनी. बाकावर रेक्झीन होतं, एका कोपऱ्यात फाटलेलं, आणि मी किती वेळ त्या भोकात बोट घालून बसलो होतो ते मला सांगता येणार नाही. दुपारी एक नर्स बाहेर आली. कोवळी पोरगी. माझ्याजवळ वाकून, माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली, "आजोबा, आजी गेल्या. शांत गेल्या. त्यांना काही त्रास झाला नाही."

मी तिच्या तोंडाकडं बघितलं. तिनं नजर दुसरीकडं वळवली नाही. मीपण त्या खाडीवर वळवली नव्हती.

मग मला आत नेलं. शेवंता हनुवटीपर्यंत पांढऱ्या चादरीखाली होती, हातही आतच. चादर बाजूला करून तिचे हात बघावेत असं माझ्या मनात आलं. मी चादरीची कडसुद्धा धरली होती. मग सोडून दिली, आणि बाहेर येऊन त्या पोरीला म्हणालो, "बरं केलंस बाई, सांगितलंस."